सुरुवातीच्या अमेरिकन सोन्याच्या नाण्यांमधील दुर्मीळ डाय-प्रकार (१७९५ ते १८३४)

धागाकर्ता: नाणेघाटी

फिलाडेल्फियाच्या टांकसाळीने ३१ जुलै १७९५ रोजी सोन्याची पहिली नाणी हातावेगळी केली. ती पाच डॉलर किमतीची, म्हणजे हाफ ईगल होती आणि त्यांची संख्या होती ७४४. टांकसाळीचा कायदा २ एप्रिल १७९२ चा असूनही सोन्याला तीन वर्षे थांबावे लागले. मौल्यवान धातू हाताळण्यापूर्वी मुख्य नाणेपाडे हेन्री व्हॉइट आणि धातूचा कस पाहणारे अल्बियन कॉक्स यांनी प्रत्येकी दहा हजार डॉलरचा जामीन द्यावा, अशी अट कायद्यातच होती. ती रक्कम त्यांच्या आवाक्याबाहेरची होती. पुढे काँग्रेसने जामिनाची रक्कम उतरवली, तेव्हा आधी चांदी आणि मग सोने पाडायला सुरुवात झाली. दहा डॉलरचे ईगल त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आले आणि अडीच डॉलरचे क्वार्टर ईगल १७९६ मध्ये.

या तिन्ही नाण्यांच्या डायांचा, म्हणजे नाण्यावर छाप उमटवणाऱ्या पोलादी साच्यांचा, अभ्यास मी काही वर्षांपासून करत आहे. मराठीत या विषयावर सलग लिहिलेले माझ्या पाहण्यात आलेले नाही, म्हणून हा धागा काढला.

प्रथम डाय कसा तयार होत असे ते सांगतो, कारण बाकीचे सगळे त्यातून निघते. त्या काळी मधली मुख्य आकृती, म्हणजे स्वातंत्र्यदेवतेचे मस्तक किंवा गरुड, एका उठावदार ठशाने पोलादाच्या नरम ठोकळ्यात उतरवली जाई. त्यानंतर तारे, अक्षरे आणि सालाचे आकडे यांतील प्रत्येक चिन्ह स्वतंत्र पंच (टोकाला ते चिन्ह असलेली पोलादी सळई) घेऊन हातोडीने एकेक ठोकावे लागे. हात माणसाचा असल्यामुळे एखादा तारा थोडा कलता बसे, एखादे अक्षर खाली उतरे, सालाचा शेवटचा आकडा मस्तकाला टेके. म्हणून एका सालाचे दोन डाय कधीही तंतोतंत सारखे नसतात आणि पुढच्या व मागच्या डायांची प्रत्येक जोडी हा एक स्वतंत्र प्रकार ठरतो. पुढील काळात पूर्ण मजकुरासह ठसा उमटवण्याची पद्धत आली, तेव्हा हे वैविध्य बरेचसे संपले.

कोरक्या रॉबर्ट स्कॉट याच्या कामातील काही ठिकाणे जवळून पाहण्यासारखी आहेत. १७९५ च्या हाफ ईगलच्या एका मागच्या डायवर 'स्टेट्स' या शब्दातील शेवटचे एस हे अक्षर आधी चुकून ठोकलेल्या डीवर बसवलेले आहे. भिंगाखाली धरल्यास एसच्या वळणांतून डीचा उभा दांडा स्पष्ट डोकावतो. त्याच सालाच्या ईगलवर गरुडाच्या पायांत ताडाची फांदी आहे. नेहमीच्या डायांवर तिला तेरा पाने आहेत आणि एका डायवर केवळ नऊ. ही नऊ पानांची जोडी, जिला बीडी-३ असा क्रमांक आहे (बीडीचा अर्थ पुढे येतो), सर्व ईगल-संग्राहकांच्या इच्छायादीत वरच्या जागी असते. १८०३ च्या ईगलच्या एका मागच्या डायवर गरुडाच्या डोक्याभोवतीचे तेरा तारे मोजून झाल्यावर उजवीकडच्या शेवटच्या ढगात एक अगदी बारीक चौदावा तारा सापडतो. तो इतका लहान आहे की तिकडे पाहायचे हे आधी माहीत नसेल तर वर्षानुवर्षे ते नाणे हाताळूनही तो दिसणार नाही.

ताऱ्यांची कथा तर राजकीय नकाशाशी बांधलेली आहे. १७९५ च्या ईगलवर पंधरा तारे आहेत. १ जून १७९६ रोजी टेनेसी सोळावे राज्य झाले आणि सोळा ताऱ्यांची नाणी आली. प्रत्येक नव्या राज्यागणिक एकेक तारा वाढवत गेल्यास जागा पुरणार नाही हे लक्षात आल्यावर टांकसाळ मूळच्या तेरा ताऱ्यांवर परतली. ते तेरा तारे दोन्ही बाजूंना कसे वाटायचे याचा मात्र नियम नव्हता. म्हणूनच १७९८ चा आकडा सातावर आठ ठोकून केलेल्या ईगलचे दोन प्रकार आहेत. एकात डावीकडे नऊ व उजवीकडे चार तारे आहेत, दुसऱ्यात सात व सहा. यातील दुसरा प्रकार कितीतरी अधिक दुर्मीळ आहे.

आता मुद्द्याचे. टांकसाळीत प्रत्यक्ष काय घडले याचा सर्वांत भरवशाचा पुरावा या डायांतच आहे, हिशेबाच्या वह्यांपेक्षाही, असे माझे ठाम मत आहे. वह्यांत नोंद होई ती नाणी खजिनदाराकडे सोपवल्याच्या तारखेची व संख्येची. त्या नाण्यांवर कोणते साल होते, कोणता गरुड होता, याची नोंद होत नसे. पोलादाचा चांगला डाय तयार करणे खर्चाचे व बेभरवशाचे काम असल्यामुळे जुन्या सालाचा डाय धड असेल तर तो नंतरच्या वर्षीही निःशंकपणे वापरला जाई.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे १७९५ साल असलेले, पण मागे ढालधारी मोठा गरुड असलेले हाफ ईगल. हा ढालधारी गरुड अमेरिकन नाण्यांवर प्रथम १७९६ च्या क्वार्टर ईगलवर आला. तेव्हा १७९५ साल कोरलेले ते हाफ ईगल १७९५ मध्ये पाडलेले असणे शक्यच नाही. अभ्यासकांच्या मते ती नाणी १७९८ च्या सुमारास पाडली गेली. उलट बाजूने १७९८ साल असलेले पण मागे जुना छोटा गरुड असलेले हाफ ईगलही आहे. तो डाय शिल्लक होता म्हणून लावला गेला असणार. त्याचे दहाहून कमी नमुने ज्ञात आहेत.

ज्या क्रमांकांनी आज हे प्रकार ओळखले जातात त्यातील बीडी ही अक्षरे बॅस आणि डॅनरॉयथर या आडनावांची आहेत. डॅलसचे हॅरी बॅस यांनी एकाच सालाची अनेक नाणी केवळ डाय वेगळे म्हणून जमवली, एवढेच नव्हे तर प्रत्येक नाण्यावरील डायची अवस्था टिपून ठेवली. १९९८ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या संग्रहाच्या व टिपणांच्या आधाराने जॉन डॅनरॉयथर यांनी केलेला ग्रंथ २००६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तेव्हापासून हेच क्रमांक रूढ झाले.

जाणकारांनी आपली मते मांडावीत, शंकाही जरूर विचाराव्यात.

सोनकी

लेख अतिशय आवडला. नाण्यांच्या विषयात मी नवखी आहे, म्हणून एक मूलभूत शंका विचारते. हाफ ईगल १७९८ मध्ये पाडले गेले असे जेव्हा अभ्यासक म्हणतात, तेव्हा तो केवळ रचनेवरून काढलेला अंदाज असतो की आणखी काही आधार असतो? वह्यांत साल नाही, नाण्यावरचे साल विश्वासार्ह नाही, मग उरते काय?

नाणेघाटी

सोनकी, आपला प्रश्न या साऱ्या अभ्यासाच्या मुळाशी आहे. उरते ती डायची झीज. डाय कामाला लागल्यापासून मोडीत निघेपर्यंत त्याच्यावर खुणा साठत जातात आणि त्या नाहीशा होत नाहीत, किंवा झाल्या तर त्याचाही माग राहतो.

समजा एका पुढच्या डायने पाडलेली नाणी दोन वेगवेगळ्या मागच्या डायांसह आढळतात. पहिल्या जोडीत पुढच्या बाजूला एकही भेग नाही, आणि दुसऱ्या जोडीत काठापासून एका ताऱ्यापर्यंत गेलेली बारीक भेग आहे. डायला पडलेली भेग बुजत नाही, म्हणून पहिली जोडी आधीची हे सिद्ध होते. आता दुसऱ्या जोडीतला मागचा डाय जर पुढील सालाच्या एखाद्या पुढच्या डायबरोबरही वापरलेला असेल आणि तेथे त्याच्यावर कमी झीज दिसत असेल, तर जुन्या सालाचे नाणे नव्या सालाच्या नाण्यानंतर पाडले गेले असा निष्कर्ष निघतो. अशा कड्या एकमेकींत अडकवत संपूर्ण मालिका लावता येते. कधी कधी एखादी जोडी सोडवली जाते, दोन्ही डाय दुसरीकडे वापरले जातात आणि काही काळाने तीच जोडी पुन्हा जमते. अशा ठिकाणी एकाच बीडी क्रमांकाच्या नाण्यांतही आधीची व नंतरची अशी वर्गवारी करावी लागते.

भेगेखेरीज दुसरी महत्त्वाची खूण म्हणजे डायांची टक्कर. यंत्रात चकती न बसताच स्क्रू-प्रेस खाली आला की पुढचा आणि मागचा डाय एकमेकांवर आदळतात आणि प्रत्येकावर दुसऱ्याची फिकट, उलटी आकृती उमटते. मग कामगार डायचा पृष्ठभाग घासून ती खूण घालवतात. त्या घासण्यात केसांच्या उथळ बटा, ढगांच्या कडा, ताऱ्यांची टोके बारीक होतात. म्हणजे खूण गेली तरी ती घालवल्याची खूण राहतेच.

जुने डाय मागाहून वापरात येण्यास आणखी एक परिस्थिती कारणीभूत झाली असावी. १७९० च्या दशकात फिलाडेल्फियात पिवळ्या तापाच्या साथी वारंवार येत आणि १७९७, १७९८, १७९९ या वर्षी टांकसाळ काही काळ बंद ठेवावी लागली. काम पुन्हा सुरू करताना हाताशी असलेला, न मोडलेला डाय प्रथम वापरायचा, हे त्या परिस्थितीत अगदी स्वाभाविक होते.

जुनी पेठ

लेख अभ्यासपूर्ण आहे यात वाद नाही. तरीही व्यवहाराची बाजू मांडणे मला आवश्यक वाटते. मी नाण्यांच्या लिलावांचे निकाल नियमितपणे पाहतो. एखाद्या प्रकाराला आर-७ म्हणजे चार ते बारा नमुने ज्ञात, अशी दुर्मीळता असते, आणि त्याच सालाचा दुसरा प्रकार आर-३ किंवा आर-४ असतो. तरीही दोन्हींच्या किमतीत पुष्कळदा विशेष फरक पडत नाही. याचे कारण उघड आहे. हाफ ईगल एका नमुन्यालाच काही हजार डॉलर पडते, तेव्हा प्रत्येक सालाचे एक नाणे घेणारेही मोजके असतात. त्यातून प्रत्येक डाय-जोडी घेणारे किती उरणार? पाच माणसांना हवी असलेली आठ नाणी आणि पाचशे माणसांना हवी असलेली शंभर नाणी यांत बाजाराच्या दृष्टीने दुर्मीळ कोणती? माझ्या मते दुसरी. नवख्या संग्राहकाने आर-७ हे अक्षर वाचून जादा पैसे मोजले आणि पुढे त्याला ग्राहक मिळाला नाही, असे होऊ नये म्हणून हे लिहिले.

नाणेघाटी

जुनी पेठ, आपला इशारा रास्त आहे आणि तो प्रत्येकाने लक्षात ठेवावा. दुर्मीळतेची ही मोजपट्टी नाणे-अभ्यासक विल्यम शेल्डन यांनी मुळात तांब्याच्या मोठ्या सेंटसाठी बनवली होती. आर-५ म्हणजे ३१ ते ७५ नमुने, आर-६ म्हणजे १३ ते ३०, आर-८ म्हणजे एक ते तीन. ती फक्त किती नाणी शिल्लक आहेत एवढेच सांगते. ती किती जणांना हवी आहेत याचा त्या आकड्याशी संबंध नाही.

परंतु आपल्याच निरीक्षणातून अभ्यासू संग्राहकाला संधी मिळते, असे मला वाटते. ज्या प्रकाराला साध्या डोळ्यांनी दिसणारे वैशिष्ट्य आहे आणि ज्याला स्वतंत्र नाव मिळाले आहे, उदाहरणार्थ नऊ पाने किंवा सात व सहा तारे, त्याची किंमत बाजार आधीच वसूल करतो. याउलट फक्त गरुडाच्या फांदीवरील एखाद्या फळाच्या किंवा एखाद्या अक्षराच्या जागेवरून ओळखता येणारा आर-६ प्रकार त्या सालाच्या सर्वसाधारण नाण्याच्या भावात मिळू शकतो. पीसीजीएस किंवा एनजीसी या नाणी तपासून दर्जा ठरवणाऱ्या कंपन्यांच्या पेटीतल्या पुष्कळ नाण्यांच्या चिठ्ठीवर बीडी क्रमांक नसतो. ज्याला तो स्वतः ठरवता येतो, त्याला मोठा खजिना न लागता एक महत्त्वाचा संग्रह उभारता येतो. हॅरी बॅस यांनी एका सालाची अनेक नाणी जमवली तेव्हा बहुतेकांना ती एकाच वस्तूची पुनरावृत्ती वाटत होती.

दूरदेशी

मी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर राहतो. वॉशिंग्टनमधील स्मिथसोनियनचा राष्ट्रीय नाणेसंग्रह या विषयासाठी किती मोलाचा आहे, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्यात दोन मोठे प्रवाह येऊन मिळाले आहेत. एक म्हणजे टांकसाळीचा स्वतःचा संग्रह. तो ॲडम एकफेल्ट या जुन्या अधिकाऱ्याने जपलेल्या नाण्यांपासून सुरू झाला आणि १९२३ मध्ये स्मिथसोनियनकडे आला. दुसरा म्हणजे औषध-उद्योगातील जोसाया लिली यांचा सहा हजारांहून अधिक सोन्याच्या नाण्यांचा संग्रह. त्यांच्या निधनानंतर १९६८ मध्ये वारसा-करात सवलतीच्या बदल्यात तो देशाला मिळाला.

याच दोन प्रवाहांमुळे १८२२ च्या हाफ ईगलच्या तीन ज्ञात नमुन्यांपैकी दोन तेथे आहेत. खासगी हातांत असलेले एकमेव नाणे एलियासबर्ग यांच्या संग्रहातून पोग यांच्याकडे गेले आणि मार्च २०२१ मध्ये ८४ लाख डॉलरना विकले गेले. त्या सालात १७,७९६ हाफ ईगल पाडल्याची वहीत नोंद आहे. एवढी नाणी गेली कुठे, असा प्रश्न कुणालाही पडेल. धागाकर्त्यांनी त्यावर लिहावे ही विनंती, कारण डाय-प्रकार हाताळताना हा भाग वगळला तर चित्र अपुरे राहील असे मला वाटते.

नाणेघाटी

दूरदेशी, आपली विनंती अगदी योग्य जागी आली आहे.

१७९२ च्या कायद्याने सोने आणि चांदी यांचे प्रमाण एकास पंधरा ठरवले होते. फ्रान्सने १८०३ मध्ये ते एकास साडेपंधरा ठरवले. म्हणजे अमेरिकेत एक औंस सोन्याला पंधरा औंस चांदी, तर युरोपात साडेपंधरा. व्यापारी मग अमेरिकेचे सोने उचलून बाहेर पाठवणार हे उघडच होते. ईगल पाडणे १८०४ मध्येच थांबवले गेले आणि पुन्हा सुरू झाले ते थेट १८३८ मध्ये. हाफ ईगल पाडले जात राहिले, पण १८२० नंतर त्यांतील धातूची किंमत दर्शनी किमतीहून वर गेली आणि ती नाणी प्रामुख्याने निर्यातीच्या सोन्याचे सोयीस्कर तुकडे बनली. परदेशात पोचली की ती मुशीत जात.

२८ जून १८३४ च्या कायद्याने हाफ ईगलचे वजन १३५ ग्रेनवरून १२९ ग्रेनवर आणले आणि सोन्याचा कसही थोडा कमी केला. जुन्या हाफ ईगलमध्ये १२३.७५ ग्रेन शुद्ध सोने होते, नव्यात ११६. म्हणजे जुने पाच डॉलरचे नाणे मुशीत टाकले तर नव्या हिशेबाने पाच डॉलर तेहतीस सेंटांचे सोने हाती येई. असे असताना जुने नाणे कोण जपून ठेवणार? टांकसाळीचा कोरक्या विल्यम नीस याने नव्या नाण्यावर मस्तक बदलले आणि मागच्या बाजूची लॅटिन बोधवाक्याची पट्टी काढून टाकली, जेणेकरून नवे व जुने नाणे पाहताक्षणी वेगळे ओळखता यावे.

डाय-संग्राहकाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की १८१५ ते १८३४ मधील हाफ ईगलमध्ये साल हीच दुर्मीळता आहे. १८१५ ची केवळ ६३५ नाणी पाडली गेली. चारावर पाच ठोकलेल्या १८२५ च्या नाण्याचे दोन नमुने ज्ञात आहेत. तेथे प्रत्येक डाय-जोडी पूर्ण करण्याचा संकल्प सोडणे बहुतेकांना भागच आहे. त्या काळातही पाहण्यासारखे बरेच आहे. १८१९ च्या एका मागच्या डायवर किंमत दाखवताना पाचपुढे डी ऐवजी शून्य ठोकून पन्नास केले गेले आणि मग त्या शून्यावर डी बसवला गेला. १८३२ च्या एका पुढच्या डायवर तेराऐवजी बाराच तारे आहेत. १८२९ मध्ये नाण्याचा व्यास कमी केला गेला, पण वजन तेच राहिले, त्यामुळे त्या एकाच सालात मोठी आणि लहान अशी दोन्ही नाणी मिळतात, अर्थात मिळाली तर.

माझ्या मते डाय-प्रकारांचा खरा मुलूख म्हणजे १७९५ ते १८१४ चे हाफ ईगल आणि १७९९ ते १८०३ चे ईगल. तेथे नाणी पुरेशी टिकली आहेत, डाय पुष्कळ आहेत आणि तुलना करता येते.

शिवराई-संग्राहक

मी तांब्याच्या शिवराईंचा अभ्यास करतो, त्यामुळे या धाग्यातील पद्धत ओळखीची वाटली. आमच्याकडे चकती बहुधा डायपेक्षा लहान असते. त्यामुळे 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपति' या लेखांचा जेमतेम भाग एका नाण्यावर उतरतो आणि एक डाय पूर्ण पाहण्यासाठी त्याच डायची चार-पाच नाणी शेजारी ठेवावी लागतात. येथे संपूर्ण डाय एका नाण्यावर दिसतो ही मोठीच सोय म्हणायची. माझा प्रश्न असा आहे की नाण्यावरच्या ओरखड्यांतून डायची भेग नेमकी कशी वेगळी काढता? छायाचित्रावरून पाहताना माझी फार ओढाताण होते.

दूरदेशी

याचे उत्तर मी देतो. डायला पडलेली भेग म्हणजे डायमधली खाच. पाडताना त्या खाचेत सोने शिरते, म्हणून नाण्यावर ती भेग उंचवट्याच्या रेषेसारखी येते. ओरखडा मात्र नाण्याच्या पृष्ठभागात खोल गेलेला असतो. नाणे प्रकाशाखाली सावकाश फिरवले तर उंचवट्याची सावली एका बाजूला पडते आणि खाचेची दुसऱ्या बाजूला. स्थिर छायाचित्रात हे कळत नाही, म्हणून विक्रेत्याकडे फिरत्या प्रकाशातील चित्रफीत मागावी.

या नाण्यांवर तिसऱ्या प्रकारच्या रेषाही असतात आणि त्या नवख्यांना हमखास चकवतात. पाडण्याआधी प्रत्येक चकती तोलली जाई आणि ती जड भरली तर कानशीने घासून वजनात आणली जाई. त्या कानशीच्या समांतर रेषा पाडतानाच्या दाबाने बऱ्याच अंशी पुसल्या जात, पण मस्तकाचा मध्य, गरुडाची ढाल किंवा नाण्याचा काठ अशा ठिकाणी त्या राहून गेलेल्या दिसतात. त्या खोलगट असतात, बहुधा एकाच दिशेने जातात आणि शेजारच्या अक्षराखालून गेल्यासारख्या भासतात, कारण त्या अक्षराच्या आधीच्या आहेत. त्यांना नाण्याची इजा समजू नये. हलकी चकती मात्र दुरुस्त करता येत नसे, ती पुन्हा वितळवावी लागे. म्हणून चकत्या मुद्दाम किंचित जड ठेवल्या जात.

सोनकी

हे सर्व वाचून उत्सुकता वाढली आहे. क्वार्टर ईगलबद्दल मात्र धाग्यात फारच थोडे आले. ते नाणे कमी महत्त्वाचे आहे का?

नाणेघाटी

मुळीच नाही. क्वार्टर ईगल संख्येने फार थोडे पाडले गेले. १७९६ मध्ये पुढच्या बाजूला तारे नसलेले ९६३ आणि तारे असलेले ४३२ एवढेच. १८०८ मध्ये कोरक्या जॉन राइख याच्या नव्या रचनेचे २,७१० पाडले गेले, तेही एकाच डाय-जोडीने, आणि मग १८२१ पर्यंत हे नाणे पाडलेच गेले नाही. त्यामुळे प्रकार कमी आहेत. पण डायांच्या अभ्यासात मला सर्वांत विलक्षण वाटलेली गोष्ट याच नाण्यात आहे.

त्या काळी क्वार्टर ईगलवर किंमत लिहिलेली नसे. दहा सेंटांच्या चांदीच्या डाइमवरही नसे. दोन्हींचा व्यास जवळजवळ सारखा होता आणि १७९८ पासून दोन्हींच्या मागे तोच ढालधारी गरुड होता. तेव्हा मागचा एकच डाय आज चांदीवर आणि उद्या सोन्यावर चालवण्यास काहीच अडचण नव्हती. टांकसाळीने तसे खरोखर केले. १८०४ च्या डाइमचा एक मागचा डाय तेराऐवजी चौदा ताऱ्यांचा आहे. त्याच डायने १८०४ चे चौदा ताऱ्यांचे क्वार्टर ईगलही पाडले. तेरा ताऱ्यांचा दुसरा डायही त्या वर्षी दोन्हींवर वापरला गेला. क्वार्टर ईगलमध्ये तेरा ताऱ्यांचा प्रकार हा अधिक दुर्मीळ आहे, जरी ऐकणाऱ्याला चौदा तारे अधिक अनोखे वाटत असले तरी.

याचा अभ्यासात फार उपयोग होतो. सोन्याची नाणी मूठभर टिकली असतील तर त्यांच्यावरून झीजेचा क्रम लावणे अवघड जाते. त्याच डायने पाडलेले डाइम हाती असतील तर त्यांच्यावरच्या भेगा मोजून सोन्याचे नाणे त्या क्रमात कुठे बसते ते ठरवता येते. सोन्याच्या नाण्याचा अभ्यास करणाऱ्याने चांदीच्या या लहान नाण्याकडे दुर्लक्ष केले तर निम्मा पुरावा त्याच्या हातून निसटतो. डाइम हे त्यामानाने खूपच परवडणारे नाणे आहे, हेही ध्यानात घ्यावे.

जुनी पेठ

डाइमची ही माहिती मला नवी आहे आणि ती फार आवडली. १८०४ चा विषय निघालाच आहे तर त्या सालाच्या ईगलविषयी दोन शब्द लिहावेत. लिलावांच्या सूचीत त्याचे दोन अगदी निराळे भाव दिसतात.

नाणेघाटी

कारण ती नाणीच दोन निराळ्या काळांतली आहेत. १८०४ मध्ये खरोखर पाडलेल्या ईगलवरील चार या आकड्याच्या आडव्या दांडीच्या टोकाला एक छोटी उभी रेघ आहे. १८३४ मध्ये अमेरिकन सरकारने आशियातील राजांना भेट देण्यासाठी नाण्यांचे संच तयार करण्याचे ठरवले. एडमंड रॉबर्ट्स हे राजदूत ते घेऊन निघाले आणि सयामच्या राजाला दिलेला संच प्रसिद्धच आहे. त्या संचात कायद्याने ठरलेले प्रत्येक नाणे हवे होते. ईगल आणि चांदीचा डॉलर ही दोन नाणी तेव्हा बंद होती, आणि जुन्या वह्यांत दोन्हींची शेवटची नोंद १८०४ मधली होती. म्हणून १८०४ साल घालून नवे डाय तयार केले गेले. या नव्या ईगलवरच्या चारच्या दांडीला ती उभी रेघ नाही. अशी अगदी मोजकी नाणी आहेत.

डॉलरच्या बाबतीत तर १८०४ मध्ये १९,५७० पाडल्याची नोंद असली, तरी त्यांच्यावर आधीची साले होती. १८०४ साल असलेला एकही डॉलर त्या वर्षी पाडला गेला नव्हता. वहीवर विसंबून टांकसाळीच्या अधिकाऱ्यांनी स्वतःच्याच पूर्वजांच्या कामाचा जो अर्थ लावला त्यातून अमेरिकेचे सर्वांत गाजलेले नाणे जन्माला आले.

शिवराई-संग्राहक

शेवटचा प्रश्न. ज्याला हा अभ्यास सुरू करायचा आहे, पण नाणे विकत घेण्याची आज ऐपत नाही, त्याने कुठून आरंभ करावा?

नाणेघाटी

लिलावगृहांच्या जुन्या लिलावांची छायाचित्रे विनामूल्य पाहता येतात आणि ती उत्तम दर्जाची असतात. त्यांतून १८०६ चे हाफ ईगल निवडावे असे मी सुचवेन. त्या सालात सहाच्या आकड्याचे दोन प्रकार आहेत. एकाचे वरचे टोक अणकुचीदार आहे आणि त्याबरोबर डावीकडे आठ व उजवीकडे पाच तारे येतात. दुसऱ्याच्या टोकाला गोल गाठ आहे आणि तारे सात व सहा आहेत. गाठीचा प्रकार सहज सापडतो. त्याची वेगवेगळ्या लिलावांतील पाच-दहा छायाचित्रे जवळजवळ ठेवून भेगा कुठे सुरू होतात, कुठवर पोचतात, ते कागदावर काढावे.

त्यानंतर अणकुचीदार सहाची नाणी घ्यावीत. त्यांत अनेक जोड्या आहेत. प्रथम पुढच्या बाजूला सालाचा पहिला आकडा केसांच्या बटेपासून किती दूर आहे आणि शेवटचा आकडा छातीला टेकतो का, हे पाहावे. मग डावीकडचा सर्वांत वरचा तारा 'लिबर्टी'च्या पहिल्या अक्षराच्या किती जवळ आहे ते पाहावे. मागच्या बाजूला गरुडाच्या चोचीचे टोक शेजारच्या ताऱ्याच्या कोणत्या टोकाला लागते आणि बाणांची अग्रे कोणत्या अक्षराखाली येतात, ही दोन ठिकाणे पाहिली की बहुतेक जोड्या वेगळ्या करता येतात. बीडी क्रमांक शेवटी ताडून पाहावा, आधी नव्हे. आपल्या टिपणातील जोड्या क्रमांकांशी जुळल्या की पुढचे साल हाती घ्यावे. १८०७ चे घेतलेत तर स्कॉटचे उजवीकडे पाहणारे मस्तक आणि राइखचे डावीकडे पाहणारे मस्तक अशी दोन्ही एकाच सालात भेटतील.

शिवराई-संग्राहक

आभारी आहे. १८०६ च्या छायाचित्रांपासून सुरुवात करतो आणि काढलेली रेखाटने याच धाग्यावर तपासण्यासाठी देतो.